‘फिलिपिन्सकडे स्वतःचं काही उरलं नाही’ : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

एक मजकूर मराठीत सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: ‘फिलिपिन्सकडे बघा. देशाचं नाव स्पॅनिश राजाचं, माणसांची आडनावं स्पॅनिश, धर्म स्पेनचा, भाषा अमेरिकेची. स्पॅनिश येण्याआधी तिथे ना लिपी होती ना राज्य. तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवुडात काढल्यावर त्यांच्याकडे स्वतःचं असं काही उरलं नाही. म्हणून नशिबावर हवाला ठेवण्याचा स्वभाव, म्हणून गरिबी, म्हणून जगभर घरकाम आणि रुग्णसेवा. संस्कृती सोडली की असं होतं.’ याचीच दुसरी आवृत्ती सांगते की हे लोक मूळचे हिंदूच होते आणि ते विसरले म्हणून बुडाले.

मठ आणि हॉलिवुडचं ते वाक्य (मठ म्हणजे स्पेनची राजवट, हॉलिवुड म्हणजे नंतरची अमेरिकेची) खुद्द फिलिपिनो लोक स्वतःविषयी म्हणत आले आहेत, त्यामुळे ते पुढे पाठवणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. पण स्वतःच्या घराविषयी चिडून बोललेलं वाक्य दुसऱ्याने निकाल म्हणून वापरलं की त्याचा अर्थ पालटतो. आखातात, बोटींवर, इस्पितळांत अनेक मराठी माणसं फिलिपिनो सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. त्या सहकाऱ्यांविषयी आपण काय मानतो याला महत्त्व आहे, म्हणून हा दावा मुद्द्यागणिक तपासतो.

‘नाव स्पॅनिश, आडनावं स्पॅनिश’

नाव स्पॅनिश आहे, हे खरं. १५४३ मध्ये रुय लोपेझ दे व्हियालोबोस या दर्यावर्द्याने लेते आणि सामार या बेटांना स्पेनच्या युवराजाचं, म्हणजे पुढच्या दुसऱ्या फेलिपेचं नाव दिलं आणि कालांतराने ते साऱ्या द्वीपसमूहाला लागलं. तेव्हा तिथे स्पेनची एकही वसाहत उभी नव्हती. पहिली टिकाऊ वसाहत सेबू बेटावर १५६५ मध्ये झाली. त्याच्या ४४ वर्षं आधी, २७ एप्रिल १५२१ रोजी, स्पेनच्या मोहिमेचा कप्तान मॅगेलन माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर लापुलापु या स्थानिक प्रमुखाच्या माणसांकडून मारला गेला होता.

आडनावांची गोष्ट थेट महसुली दप्तरातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य स्थानिक लोकांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हतं. बाप्तिस्म्याचं नाव आणि त्यापुढे संताचं किंवा क्रुसाचं नाव लावलं की भागत असे, सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी असत. करवसुलीला ते अडचणीचं होई. म्हणून २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढला. सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी प्रांतांना पाठवली गेली, तिची पानं गावोगाव वाटली गेली आणि कुटुंबप्रमुखांनी आपल्या गावाच्या वाट्याला आलेल्या पानावरून नाव उचलायचं असं ठरलं. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही आडनावं मोठ्या संख्येने एकाच अक्षराने, स्पॅनिश ‘आर’ने, सुरू होतात ती यामुळे. यादीत स्थानिक भाषांतले शब्दही होते. अशा कागदावरून त्या घरातलं रक्त, भाषा किंवा मन काय होतं हे ठरवता येत नाही. गोव्यातल्या फर्नांडिस आणि डिसोझांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं पोर्तुगीज आडनाव लावून त्यांच्या घरांत कोंकणी बोलली जात राहिली.

अडोबोचंही असंच आहे. फिलिपिन्सचा हा सर्वांत ओळखीचा पदार्थ स्पॅनिश समजला जातो, कारण नाव स्पॅनिश आहे. मांस व्हिनेगर, लसूण, मिरी आणि तमालपत्रात मंद आचेवर शिजत ठेवायचं आणि व्हिनेगरचा कच्चा वास जाईपर्यंत ढवळायचं नाही. १६१३ मध्ये छापलेल्या, टागालोग या मनिला भागातल्या भाषेच्या शब्दकोशात पेद्रो दे सान ब्युएनाव्हेंतुरा या पाद्र्याने हा प्रकार ‘इथल्या लोकांचा अडोबो’ म्हणून नोंदवला आहे. नारळाच्या आणि इतर ताडांच्या ताडीचं व्हिनेगर करून त्यात मांस-मासे मुरवणं ही त्या बेटांची जुनी रीत होती. पाद्र्याने आपल्या ओळखीचं नाव दिलं एवढंच. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांमुळे नंतर आला. डोरीन फर्नांडेझ या अभ्यासिकेने फिलिपिनो जेवणावर लिहिताना एकच प्रश्न लावून धरला: पदार्थ कुठून आला हे विचारून झालं, आता इथल्या बाईने चुलीपाशी त्याचं काय केलं ते विचारा. मला हा प्रश्न अख्ख्या वादाला पुरणारा वाटतो. फिरत्या मजकुरात देणाऱ्याचं नाव प्रत्येक ओळीत आहे. घेणाऱ्याने पुढे काय केलं याची एकही ओळ नाही.

‘लिपी नव्हती, राज्य नव्हतं’

हा मुद्दा सरळ चूक आहे, आणि त्याचा पुरावा मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे.

१९८९ च्या सुमारास मनिलाजवळच्या लागुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाशी वाळू काढताना एक काळवंडलेला ताम्रपट सापडला. रुंदी हातभरही नाही, त्यावर दहा ओळी. लिपी जावा बेटावरची प्राचीन कावी आणि भाषा मुख्यतः जुनी मलय, मध्ये संस्कृत, जुनी जावानी आणि जुन्या टागालोगचे शब्द. मिंदोरो बेटावर मांग्यान या आदिवासी लोकांत आयुष्य घालवलेल्या आंतून पोस्टमा या डच अभ्यासकाने तो वाचला. त्याची सुरुवात अशी आहे: शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. आपल्याकडचे शिलाहार आणि यादव ताम्रपट ज्या ढंगाने तिथी-वार सांगतात त्याच ढंगाने.

पुढचा मजकूर एका कर्जमुक्तीचा आहे. नामवरान नावाच्या माणसावर १ काती ८ सुवर्ण एवढं देणं होतं, अभ्यासकांच्या हिशोबाने ९०० ग्रॅमहून अधिक सोनं. ते फिटल्याचं तोंदोच्या प्रमुखाच्या अधिकाराने जाहीर होतं. नामवरानच्या मुलांना आणि पुढच्या वंशजांना त्यातून मोकळं केलं जातं. पुढे कोणी हे देणं शिल्लक असल्याचं म्हणू लागला तर त्याला दाखवायला हा पट. साक्षीला इतर गावांचे प्रमुख आहेत. स्पॅनिश जहाजं दिसण्याच्या ६०० हून अधिक वर्षं आधी तिथे देण्याघेण्याचा लेखी कायदा होता, अधिकाऱ्यांची उतरंड होती, तोललेलं सोनं होतं, आणि बापाचं कर्ज लेकरांच्या माथी राहू नये याची लेखी काळजी होती. तोंदो आज मनिला शहराचाच भाग आहे.

स्पॅनिश आले तेव्हा टागालोग लोक बायबायिन नावाच्या ब्राह्मीकुळातल्या लिपीत लिहीत होते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या पेद्रो चिरिनो या पाद्र्याने १६०४ मध्ये लिहून ठेवलं की स्वतःच्या अक्षरांत लिहिता-वाचता न येणारा पुरुष क्वचितच सापडतो, आणि बाई तर त्याहूनही क्वचित. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी नंतर हे विधान सगळ्या बेटांना लावू नये असं बजावलं. देशाच्या मध्यावरच्या व्हिसाया बेटांवर लिपी उशिरा पोचली होती आणि लोक तिच्यात पत्रं, टिपणं, कविता लिहीत, ग्रंथ नव्हे. स्कॉट यांची शिस्त मला मोलाची वाटते, कारण प्रतिवाद करताना फुगवून सांगण्याचा मोह होतो. ‘पाद्र्यांनी सगळी ग्रंथालयं जाळली’ हा असाच फुगवलेला उलटा दावा आहे. फिलिपिन्समध्ये छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक, १५९३ ची ख्रिस्ती धर्मशिकवण, पाद्र्यांनी बायबायिनमध्येही छापली होती. लिपी हळूहळू मागे पडली कारण दप्तर, न्यायालय आणि शाळा यांचं अक्षर रोमन झालं.

सगळीकडे मात्र ती मागे पडली नाही. मिंदोरोच्या डोंगरांतले हानुनुओ आणि बुहिद मांग्यान, पालावानचे ताग्बान्वा यांच्या लिप्या टिकल्या, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. हानुनुओ माणूस सुरीच्या टोकाने बांबूच्या पेरावर अंबाहान कोरतो: सात-सात अक्षरांच्या ओळी, यमकात बांधलेल्या, प्रेमाची विचारणा करायला, पाहुण्याला निरोप द्यायला, पोराला समज द्यायला. सरळ बोलणं अवघड जाईल तिथे अंबाहान म्हणायचा. याच हानुनुओ लोकांत १९५० च्या दशकात हॅरल्ड कॉंक्लिन या मानववंशशास्त्रज्ञाने फिरती शेती अभ्यासली, तेव्हा त्याला आढळलं की ते १६०० हून अधिक वनस्पतिप्रकार नावानिशी वेगळे ओळखतात. त्याच परिसरात वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोजलेल्या जाती त्याहून कमी होत्या. जगाकडे इतक्या बारकाईने बघणाऱ्या समाजाला ‘काहीच नव्हतं’ म्हणणं म्हणजे विचारायचेच कष्ट न घेणं.

लुझोन या मुख्य बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत इफुगाओ लोकांच्या भाताच्या पायऱ्या आहेत, १९९५ पासून जागतिक वारसा. त्या २००० वर्षं जुन्या असल्याचं पाठ्यपुस्तकांत छापलं जातं. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांनी स्थानिक इफुगाओ संस्थेबरोबर केलेल्या उत्खननातून वेगळं चित्र पुढे आलं: आधी अळकुड्यांची शेती होती, आणि पाण्याखालच्या भाताच्या पायऱ्या मोठ्या प्रमाणावर वाढल्या त्या सतराव्या शतकापासून, म्हणजे खालच्या खोऱ्यांत स्पॅनिश शिरल्यावर. लोक वर सरकले, एकत्र आले, मनुष्यबळ उभं केलं आणि डोंगर खोदले. स्पॅनिशांना तो डोंगर कधी नीट जिंकता आला नाही. पायऱ्या कमी जुन्या ठरल्याने काहींना वाईट वाटलं. मला उलट वाटतं. काळाबाहेर गोठलेल्या प्राचीन लोकांपेक्षा, आक्रमण समोर दिसताना शेती आणि समाज दोन्ही नव्याने बांधणारे लोक अधिक थोर आहेत.

‘तीनशे वर्षं मठात गेली’

या मुद्द्याला सर्वांत जास्त वजन आहे, म्हणून इथे थोडं थांबू. २०२० च्या जनगणनेत देशातले जवळपास ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत. दक्षिणेकडे सुलू आणि मागिंदानावच्या मुस्लिम सलतनती स्पेनला पूर्ण कधीच नमल्या नाहीत, ही गोष्टही फिरत्या मजकुरात नसते, पण तो भाग बाजूला ठेवू. प्रश्न असा की जे कॅथलिक झाले त्यांचं मन स्पॅनिश झालं का?

स्पॅनिश भाषा तर सामान्य लोकांपर्यंत पोचलीच नाही. धर्मगुरू मूठभर, बेटं हजारो. त्यांनीच टागालोग, सेबुआनो, इलोकानो शिकून त्या भाषांत धर्म सांगितला, आणि सांगणाऱ्याला परक्या असलेल्या भाषेत सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या ताब्यात जाते. १७०४ च्या सुमारास गास्पार आक्विनो दे बेलेन या टागालोग गृहस्थाने, जो जेझुइटांच्या छापखान्यात काम करायचा, ख्रिस्ताच्या यातनांचं टागालोग काव्य छापलं. पुढे १८१४ ची आवृत्ती घराघरांत पोचली. पाच ओळींचं कडवं, ओळीत आठ अक्षरं. याला पास्योन म्हणतात. मराठीला हे अनोळखी नाही. गोव्यात रायतूरच्या जेझुइट मठातून १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण ओवीत छापलं गेलं. फरक एवढा की क्रिस्तपुराण लिहिणारा इंग्रज होता, आणि टागालोग पास्योनचा पहिला कवी तिथलाच.

पवित्र आठवड्यात घरात किंवा गल्लीतल्या मांडवात पास्योन सलग गायलं जातं. त्या बैठकीला पबासा म्हणतात. दोन गट आळीपाळीने कडवी घेतात, चाल गावागावाची वेगळी, कर्णे लावलेले, रात्र उलटली तरी खंड पडू द्यायचा नाही. ज्याच्या घरी पबासा असतो त्याने गाणाऱ्यांना खाऊ घालायचं, आणि बहुतेक वेळा तो आजी-आजोबांनी बोललेला नवस असतो, पुढची पिढी तो चालवते. आपल्या गावातल्या हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, त्या निष्ठेची ही गोष्ट आहे. स्पेनमधल्या कुठल्या चर्चने हे शिकवलेलं नाही.

या पास्योनचं पुढे काय झालं ते इतिहासकार रेनाल्डो इलेटो यांनी १९७९ मध्ये दाखवलं, आणि फिलिपिन्सच्या इतिहासलेखनाची दिशा त्यामुळे बदलली. पाद्र्यांनी काय शिकवलं हे न विचारता त्यांनी विचारलं की गाणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काय ऐकू येत होतं. त्याला ऐकू येत होतं असं: गरीब सुताराचा मुलगा आईचा निरोप घेऊन एका कामासाठी घर सोडतो, शिकलेले धर्मपंडित आणि सत्ताधारी त्याला छळतात, साधे कोळी त्याच्यामागे जातात, आणि जग उलटंपालटं होतं. लुकबान गावचा आपोलिनारियो दे ला क्रुझ हा तरुण स्थानिक म्हणून धर्मसंघात नाकारला गेला. त्याने १८३२ मध्ये संत जोसेफाच्या नावाने स्वतःची बंधुसभा काढली. १८४१ मध्ये वसाहतीच्या फौजेने ती चिरडली आणि त्याला ठार केलं.

१८९२ मध्ये आन्द्रेस बोनिफासियो यांनी कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना स्थापली. १८९५ च्या गुड फ्रायडेच्या दिवसांत ते साथीदारांसह मोंताल्बानच्या डोंगरातल्या गुहेत गेले आणि भिंतीवर स्वातंत्र्याचा जयजयकार लिहून आले. त्याच डोंगरांत बेर्नार्दो कार्पियो नावाचा राजा अडकून पडला आहे, तो सुटला की लोक सुटतील, अशी लोककथा होती. दिवस ख्रिस्ताच्या मरणाचा, जागा लोककथेतल्या राजाची, घोषणा स्वातंत्र्याची. जो धर्म माणसं वाकवायला आणला, त्याच धर्माच्या शब्दांत लोकांनी पुढच्याच वर्षी स्पेनविरुद्ध क्रांती उभी केली. मठात गेलेल्या तीनशे वर्षांचा हा हिशोबही मांडायला हवा.

‘स्वभावच नशिबावर हवाला ठेवण्याचा, म्हणून गरीब’

‘फिलिपिनो आळशी असतात’ हा याच आरोपाचा जुना अवतार. त्याला होसे रिझाल या फिलिपिनो लेखक आणि राष्ट्रनायकाने १८९० मध्येच एका लेखमालेतून उत्तर दिलं होतं. आळस नाहीच असं ते म्हणाले नाहीत. तो परिणाम आहे, कारण नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. स्पॅनिशांच्या आधीचा व्यापार आणि शेती त्यांनी जुन्या नोंदींवरून दाखवली. मग जहाजबांधणीची वेठबिगार, सततच्या मोहिमा, मनिला ते मेक्सिको चालणाऱ्या स्पॅनिश जहाजांच्या, म्हणजे गॅलियन व्यापाराच्या मक्तेदारीने मेलेला स्थानिक धंदा, आणि कष्टाचं फळ दुसराच नेणार याची खात्री यांची कारणमीमांसा केली. या कामासाठी त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ चा इतिहास हाताने उतरवून घेतला होता आणि स्वतःच्या टिपांसह तो पॅरिसमध्ये छापला. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ३५.

विसाव्या शतकात आरोप सभ्य झाला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित मासिकात जेम्स फॅलोज यांनी लिहिलं की फिलिपिन्सच्या गरिबीचं मूळ तिथल्या ‘बिघडलेल्या संस्कृती’त आहे. एकच वर्ष आधी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, लाखो लोकांनी चार दिवस मनिलाच्या एद्सा रस्त्यावर रणगाड्यांसमोर उभं राहून हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांची राजवट घालवली होती. संस्कृतीवर बोट ठेवताना बाकीचं सगळं मागे पडलं. १९४५ च्या लढाईत मनिला जमीनदोस्त झालं आणि सुमारे एक लाख नागरिक मेले. १९४६ च्या बेल व्यापार कायद्याने नव्या देशाला अमेरिकी नागरिकांना आपल्या खाणी-जमिनींत समान हक्क देण्यासाठी घटनादुरुस्ती करायला लावली, तिथलं चलन पेसो डॉलरला बांधलं. मार्कोस गेले तेव्हा देशावर २५ अब्ज डॉलरहून अधिक परकीय कर्ज होतं. इतकं सगळं समोर असताना लोकांच्या स्वभावाकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

नशिबाच्या आरोपाला आधार म्हणून दोनच शब्द दिले जातात: ‘बहाला ना’, म्हणजे साधारण ‘जे होईल ते होवो’. अमेरिकी संशोधनात १९६० च्या दशकात याची तुलना दैववादाशी झाली. मनिलात फ्रँक लिंच या अमेरिकी जेझुइट मानववंशशास्त्रज्ञाच्या भोवती जो अभ्यास वाढला त्यात लोकांशी जुळवून घेणं, लाज, उपकाराची जाण अशा गोष्टी फिलिपिनो स्वभावाचा गाभा मानल्या गेल्या. तो अभ्यास कष्टाने केलेला होता. पण पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत त्याचं रूप ‘म्हणूनच हे लोक मागे’ असं झालं.

१९७१ मध्ये व्हर्जिलिओ एन्रिकेझ अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतले आणि फिलिपिन्स विद्यापीठात मानसशास्त्र फिलिपिनो भाषेत शिकवू लागले. त्यांची हरकत पद्धतीपासून सुरू होते. इंग्रजी प्रश्नावली घेऊन परका माणूस दारात उभा राहिला तर घरातला माणूस सौजन्याने जे ऐकवायचं ते ऐकवतो. आधी परकेपण जायला हवं. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातली नेहमीची रीतच संशोधनात आणली: गप्पांच्या ओघात विचारपूस करायची, एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांना विचारून पडताळायचा, समोरच्यालाही आपल्याला प्रश्न विचारू द्यायचे. असं विचारल्यावर जुळवून घेणं हा वरचा थर ठरला. खाली ‘कप्वा’ सापडला: समोरचा माणूस, परका असला तरी, माझ्याच माणूसपणात सामील आहे ही जाण. एन्रिकेझ यांनी हेही दाखवलं की अभ्यासकांनी नमणाऱ्या वृत्तीच तेवढ्या वेचल्या होत्या. धैर्य आणि लढा यांचेही शब्द त्याच लोकांच्या रोजच्या बोलण्यात होते, ते कोणी टिपले नव्हते.

‘बहाला ना’चा फेरविचार मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेडो लागमाय यांनी १९७७ मध्ये केला. माणूस हे कधी म्हणतो ते त्यांनी पाहिलं. निकाल हातात नाही, माहिती अपुरी आहे, तरी पाऊल टाकायचं आहे, अशा वेळी. पुढे जे येईल त्याला तोंड द्यायची तयारी त्यात असते, हातपाय गाळणं नव्हे. वादळांच्या वाटेवर वसलेल्या देशातल्या कोळ्याने पहाटे होडी लोटताना ते म्हटलं तर त्यात दैववाद शोधायला मी धजणार नाही.

‘सेवा करणं त्यांच्या रक्तातच’

हे कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं, तरी चूक आहे. अमेरिकी राजवटीने १९०६-०७ पासून तिथे परिचारिका प्रशिक्षण सुरू केलं, अमेरिकी अभ्यासक्रमावर आणि इंग्रजीत. १९४८ पासून विनिमय कार्यक्रमाने त्या परिचारिकांना अमेरिकी इस्पितळांत नेलं, १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं. १९७४ मध्ये मार्कोस यांच्या श्रमसंहितेने कामगार परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच केलं. इतिहासकार कॅथरीन सेनिझा चॉय यांनी हा धागा साधार उलगडला आहे. आज परदेशातून येणारा पैसा वर्षाला ३० अब्ज डॉलरहून अधिक आहे. रक्ताचा यात संबंध नाही. आणि दुबईच्या इस्पितळातली परिचारिका वर्षानुवर्षं लेकरांपासून लांब राहते तेव्हा तिच्या त्यागाला ‘स्वभाव’ म्हणणं म्हणजे तो त्याग न पाहणं.

‘मूळचे हिंदूच होते’

लागुनाचा ताम्रपट, १९१७ मध्ये दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावर आगुसानमध्ये सापडलेली सोन्याची तारा-मूर्ती, भाषांतले संस्कृत शब्द, हे सगळं खरं आहे. ते आलं जावा आणि सुमात्राच्या मार्गाने, व्यापाऱ्यांबरोबर, स्थानिक प्रमुखांनी हवं ते उचलून. भारतीय राज्य तिथे कधी नव्हतं. मिंदानावच्या मुस्लिम मरनाव लोकांत रामकथेचं एक रूप सांगितलं जातं, महाराडिया लावाना. अभ्यासक हुआन फ्रान्सिस्को यांनी ते नोंदवून १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात स्वयंवराला धनुष्य नाही. राजपुत्राने वेताचा चेंडू पायाने उडवून राजकन्येच्या खोलीत पोचवायचा आहे, कारण सिपा हा त्या लोकांचा खेळ. ज्यांनी ही कथा इतकी आपली केली, त्यांना ‘तुम्ही आमचेच, विसरलात’ म्हणणं म्हणजे स्पेनच्या जागी आपण उभं राहणं. दोन्ही आवृत्त्यांत फिलिपिनो माणूस रिकामं भांडंच राहतो.

टीका करायला जागा नाही असं मी म्हणत नाही, आणि खरी टीका तिथल्याच अभ्यासकांनी केली आहे. एन्रिकेझ यांचं मानसशास्त्र टागालोग शब्दांवर उभं आहे. देशात १३० हून अधिक भाषा आहेत, तर सेबुआनो किंवा मरनाव माणसाचं मन मनिलाच्या शब्दांनी का मोजायचं? ‘फिलिपिनो स्वभाव’ म्हणून एकच गोष्ट आहे, हे गृहीतही तपासायला हवं. ‘गौरवशाली मूळ संस्कृती’ची भाषा सत्तेच्या सोयीची असते हेही तिथे दिसलं आहे. मार्कोस यांनी लष्करी कायद्याच्या काळात इतिहासकारांकडून लिहून घेऊन स्वतःच्या नावावर राष्ट्राच्या इतिहासाचे खंड काढले आणि १९७४ मध्ये गावपातळीच्या प्रशासनाला बारांगाय हे प्राचीन नाव दिलं. हे वाद तिथल्या विद्यापीठांत चार-पाच दशकं चालू आहेत, आणि त्यातली बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या लोकांची एखादी भाषा शिकून घेतली आहे.